काळेभोर, तपकिरी की घारे? आपल्या डोळ्यांना खुलवणारी आयशॅडो पॅलेट कशी निवडावी आणि कशी लावावी

आमच्या घरात बरीच वर्षं एकच पॅलेट होती आणि ती आम्ही दोघी वापरायचो, मी आणि आई. ब्रश मात्र आपापले. आई घारी, मी बाबांवर गेलेली, काळ्याभोर डोळ्यांची. त्यातली वांगी छटा आईने लावली की तिच्या डोळ्यांतला हिरवटपणा लांबूनही दिसायचा. तीच छटा मी लावली तर पापणी जांभळी दिसायची, एवढंच. डोळ्यांत काही फरक पडायचा नाही. गडद निळ्याचं उलट. माझे डोळे त्याने टपोरे आणि स्वच्छ दिसायचे, आईच्या डोळ्यांचं पाणी मात्र उतरल्यासारखं व्हायचं.

त्या पॅलेटवरून मी शिकले ते असं: डोळ्याचा रंग सांगतो कोणती छटा घ्यायची, आणि पापणीची त्वचा सांगते ती किती गडद घ्यायची. सल्ला देणारे बहुतेक लोक पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी विसरतात. त्यातही निळ्या-हिरव्या डोळ्यांवर पानंच्या पानं असतात आणि तपकिरी डोळ्यांची बोळवण "तुम्हाला काय, सगळंच शोभतं" या एका वाक्यात होते. आपल्याकडे बहुसंख्य डोळे तपकिरीच, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. घाऱ्यांसाठीही सविस्तर लिहिलं आहे, कारण कोकणात, पुण्यात आणि पुष्कळ मराठी घरांत एखादी तरी आत्या किंवा मावशी घारी असतेच.

आधी खिडकीपाशी उभ्या राहा

खरेदीच्या आधी दहा मिनिटं आरशासाठी काढा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन थेट अंगावर येत नसेल अशा खिडकीत, काजळसुद्धा न लावता. ट्यूबलाइटमध्ये किंवा पिवळ्या बल्बखाली बघू नका, कारण दोन्ही उजेड स्वतःचा रंग मिसळतात. हातआरसा जवळ धरून बुबुळ तीन भागांत पाहा: बाहुलीला लागून असलेलं कडं, मधला पट्टा आणि सर्वात बाहेरची कड. आरशात नीट दिसत नसेल तर कुणाला तरी फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढायला सांगा आणि मोठा करून पाहा.

"माझे डोळे काळे" असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींना तिथे पहिल्यांदा मधाळ किंवा तांबूस कडं सापडतं. जिला ते सापडलं, तिचे डोळे काळे नसून तपकिरी आहेत, आणि तिची पॅलेट वेगळी.

यामागचं शास्त्र थोडक्यात असं. बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच, असतं ते मेलॅनिन. ते पुढच्या थरात भरपूर असलं की प्रकाश शोषला जातो आणि डोळा तपकिरी किंवा काळा दिसतो. फार कमी असलं की आत शिरलेला प्रकाश विखुरतो, त्यातला निळा भाग जास्त परत येतो आणि डोळा निळा दिसतो. घाऱ्या डोळ्यात थोडं मेलॅनिन आणि थोडं विखुरणं असं दोन्ही असतं. म्हणूनच तो सकाळी एक, संध्याकाळी दुसरा आणि हिरव्या साडीवर तिसराच दिसतो.

एक शब्द आधी स्पष्ट करते. मराठीत पापणी म्हणजे डोळा मिटणारी कातडीही आणि तिच्या कडेचे केसही. या लेखात पापणी म्हणजे फक्त कातडी. केसांना केसच म्हणेन.

शेजारचा रंग डोळा बदलतो

१८२४ मध्ये मिशेल युजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे भिंतीवर टांगायचे मोठे विणीव पट तयार होत. निळ्या-जांभळ्या भागाच्या शेजारी विणलेला काळा धागा फिका, कमअस्सल दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर काळ्या रंगात काहीच खोट निघाली नाही. शेजारच्या रंगामुळे तो तसा भासत होता. त्यांनी हा अभ्यास वाढवला आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध केला: दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो.

आयशॅडोची सगळी निवड या एका नियमावर उभी आहे. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी, जांभळ्याच्या विरुद्ध पिवळा, हिरव्याच्या विरुद्ध लाल. तपकिरी म्हणजे खरं तर गडद नारिंगीच, म्हणून निळ्या छटेशेजारी तपकिरी डोळा अधिक ऊबदार दिसतो. मधाळ, पिवळसर झाक असेल तर जांभळा. हिरवट झाक असेल तर ज्या छटेत लाल मुरलेला आहे ती: अंजिरी, वांगी, डाळिंबी.

डोळ्याच्याच रंगाची छटा लावायचा मोह सगळ्यांना होतो. ती छटा डोळ्यापेक्षा जास्त भडक असली, तर तिच्यापुढे डोळा फिका पडतो. हिरव्या घाऱ्या डोळ्यावर चमकदार पोपटी लावून पाहा, लगेच कळेल.

तपकिरी डोळे

खिडकीत मधाळ किंवा पिंगट कडं दिसलं असेल तर वांगी, जांभूळ, गडद लव्हेंडर घ्या. तांबूस, चहासारखी झाक असेल तर गडद निळा आणि मोरपंखी. चिंतामणी रंग, म्हणजे निळा-जांभळ्याच्या मधला तो जुना साडीचा रंग, या दोन्ही डोळ्यांवर उत्तम बसतो. एकच रंगीत छटा घेणार असाल तर मी हीच सुचवेन.

तांबं, ब्राँझ आणि जुन्या सोन्याच्या छटा हा वेगळा मार्ग. त्या विरोध करत नाहीत, डोळ्यात आधीच असलेला उबदारपणा वाढवतात. रोजच्या ऑफिससाठी हा मार्ग सोपा पडतो. मात्र तांबूस छटेत गुलाबी-लाल जास्त असेल तर डोळे रडल्यासारखे किंवा जागरणाचे दिसतात. मग पापणीच्या कडेला काळी किंवा गडद तपकिरी बारीक रेघ हवीच.

अगदी काळेभोर डोळे असतील, खिडकीतही दुसरा रंग सापडत नसेल, तर विरोधी रंगाचा नियम फारसा कामाला येत नाही. खुलवायला बुबुळात रंगच दिसत नाही. अशा डोळ्याचं सौंदर्य काळ्या-पांढऱ्या फरकात आहे, म्हणून तो फरक वाढवायचा. गडद निळा इथे दुहेरी काम करतो: त्याच्या गडदपणाशेजारी डोळ्याचा पांढरा भाग अधिक उजळ भासतो आणि त्या उजळपणापुढे बुबुळ अधिक गडद दिसतं. दुसरं अस्त्र म्हणजे चमक. पापणीच्या मधोमध, बुबुळाच्या बरोब्बर वर, सोनेरी किंवा शॅम्पेन रंगाचा एक ठिपका. काळा डोळा मुळात ओलसर, तकतकीत असतो, त्याला ही चमक साथ देते. फिकट मॅट, म्हणजे चमक नसलेले, रंग मात्र अशा डोळ्यांवर निर्जीव दिसतात. मी ते सोडून दिले आहेत.

घारे डोळे

इथे आधी ठरवायचं की आज डोळ्यातला कोणता रंग वर आणायचा. हिरवा हवा तर अंजिरी, वांगी, लालसर तपकिरी. करडा-निळा हवा तर तांबं आणि पीच. सोनेरी ठिपके हवेत तर जांभळा. तिन्ही एकाच वेळी लावले तर काहीच दिसत नाही.

घाऱ्यांनी काळा रंग जपून वापरावा. दाट काळ्या काजळाच्या चौकटीत डोळा कधीकधी फारच फिका आणि रोखलेला दिसतो. तपकिरी काजळ आणि खारकेच्या रंगाची मॅट छटा घेतली की नजर मऊ होते. माझ्या आईने काळं काजळ सोडून तपकिरी धरलं तेव्हा ओळखीचे लोक "आज बरी दिसतेस" म्हणायचे, कारण मात्र कुणालाच सांगता यायचं नाही.

निळे डोळे असतील तर तांबं आणि गंजाचा रंग. त्याला फार विचार लागत नाही.

पापणीची त्वचा काय म्हणते

आपल्याकडे पापणी अनेकदा गालापेक्षा एक-दोन छटा गडद असते. त्यामुळे डबीत दिसणारा रंग पापणीवर तसाच उतरत नाही. पॅलेटमधला रंग मनगटाच्या गोऱ्या बाजूवर लावून निवडला की घरी येऊन निराशा होते. बोटांच्या पेरांच्या मागच्या, जरा सावळ्या त्वचेवर लावून पाहा. पापणीच्या रंगाच्या ती जास्त जवळची असते. दुकानातला टेस्टर डोळ्याला लावू नका. किती डोळ्यांना लागून आला आहे ते आपल्याला माहीत नसतं.

सावळ्या त्वचेवर फिकट गुलाबी, फिकट निळा अशा दुधी छटा राख फासल्यासारख्या दिसतात, कारण त्यांच्यात पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतो. तोच रंग हवा असेल तर त्याचं गडद रूप घ्या: फिकट गुलाबीऐवजी राणी, आकाशीऐवजी मोरपंखी. गव्हाळ रंगाला बदामी हा मधला रंग चालतो, सावळीला खारकेचा, त्याहून गडद त्वचेला चॉकलेटी किंवा विटकरी. गोऱ्या घारीला हाच विटकरी रंग जपून, अगदी थोडा.

पॅलेट हातात घेतल्यावर

तुम्हाला पाच छटा लागतात. एक पापणीच्या रंगाशी जुळणारी मॅट, एक तिच्याहून दोन पायऱ्या गडद मॅट, एक खूप गडद मॅट (गडद तपकिरी किंवा कोळशाचा रंग), एक चमकदार, आणि एक तुमच्या डोळ्याची विरोधी. दुकानात पॅलेट उघडून या पाच बोटावर मोजा. चाळीस रंगांच्या पॅलेटमध्येही कधीकधी पाच पुऱ्या होत नाहीत. पस्तीस चमकदार असतात आणि कामाची मॅट एकच. २०१० मध्ये अर्बन डिके या अमेरिकी ब्रँडने 'नेकेड' नावाची बारा छटांची पॅलेट काढली आणि तपकिरी-सोनेरी पॅलेटची लाटच आली. त्या लाटेतल्या अनेक पॅलेटांतला 'त्वचेचा रंग' आपल्या पापणीवर पांढरट दिसतो, म्हणून नावावर न जाता रंग लावून बघा.

किंमत पाहताना वजन पाहा. पूर्ण पॅलेटचं वजन भागिले छटांची संख्या. एका छटेला एक-दीड ग्रॅम असेल तर रोज वापरूनही ती पुष्कळ दिवस पुरते.

मग डबी उलटी करा. बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली हवी. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. हे काहीच नसलेली, नामांकित ब्रँडसारखी दिसणारी स्वस्त पॅलेट डोळ्यांसाठी घेऊ नका. घटकांच्या यादीत सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांच्या यादीतला क्रमांक) ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसतील. ते अनुक्रमे लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या जातीचे रंग. आयशॅडोतले बहुतेक सगळे तपकिरी यांच्याच मिश्रणातून होतात. सीआय ७५४७० दिसला तर तो कार्माइन, निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यांपासून काढलेला लाल. शाकाहाराचा काटेकोर विचार करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. काही निऑन छटांवर "डोळ्यांजवळ वापरू नये" अशी सूचना बारीक अक्षरात असते, तीही वाचा. हस्तकलेच्या दुकानातली चमकी तर पापणीवर कधीच नको, तिच्या कडा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा काढू शकतात.

पैठणीचं धूपछांव कापड हलवलं की रंग बदलतो, तशा काही छटा असतात. त्यांत अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो आणि थराच्या जाडीनुसार परतणारा रंग बदलतो. काळ्या डोळ्यांना अशी एक छटा जरूर घ्या.

लावायची पद्धत

तीन ब्रश पुरतात: एक चपटा, एक मऊ पिसासारखा फुललेला आणि एक पेन्सिलच्या टोकासारखा. बाकी काम अनामिकेचं, कारण तिचा दाब सर्वात हलका पडतो.

डोळे आधी, फाउंडेशन नंतर. गडद पावडर गालावर सांडतेच, मग ती पुसून टाकता येते.

पापणीवरचं तेल टिपून घ्या आणि तांदळाच्या दाण्याएवढा प्राइमर (रंग धरून ठेवणारा पातळ थर) दोन्ही पापण्यांना मिळून लावा. प्राइमर नसेल तर कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, पण अगदी पातळ. पापणी निळसर-काळी असेल तर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पुसट हात फिरवा. मिनिटभर थांबून त्यावर पापणीच्या रंगाची मॅट छटा दाबून बसवा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ही पायरी चुकवली तर दोन तासांत घडीत रेघा जमतात. जाड क्रीम शॅडोही तिथे टिकत नाही.

आता दुसरी मॅट छटा फुललेल्या ब्रशवर घ्या आणि झटकून जास्तीची काढा. आरशात समोर सरळ बघा, डोळे उघडे ठेवून. पापणी जिथे आत वळते तिथली खोबण शोधा आणि गाडीच्या वायपरसारखा ब्रश तिथे मागेपुढे फिरवा. डोळा मिटून लावलं की रंग खोबणीच्या खाली लागतो आणि डोळा उघडल्यावर गडप होतो. ज्यांची वरची कातडी पापणीवर झुकलेली आहे, त्यांनी हा रंग खोबणीच्या थोडा वर, डोळे उघडे असताना दिसेल असा लावावा. वयानुसार पापणी सैल झाली असेल तरी हेच करा, आणि जाड चमकीऐवजी साटिनसारखी मंद चमक घ्या. सुरकुतीत जाड चमकी भरते.

सर्वात गडद मॅट छटा फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात, कानशिलाकडच्या कोपऱ्यात. ब्रशच्या टोकाने ठिपके द्या, मग रंग न घेतलेल्या फुललेल्या ब्रशने कडा विरवा. इथे घाई करू नका. मेकअप हाताने केलेला वाटतो की डोळाच तसा वाटतो, हे या विरवण्यावर ठरतं. मी या एका पायरीला बाकी सगळ्यांइतका वेळ देते.

चमकदार छटा अनामिकेने पापणीच्या मधोमध दाबा. ब्रशने घासलीत तर चमक उडून गालावर जाते. जास्त चमक हवी तर चपटा ब्रश किंचित ओला करा. पाणी ब्रशला लावायचं, पॅलेटमध्ये टाकायचं नाही.

आता ती विरोधी छटा. बहुतेक जणी ती सगळ्या वरच्या पापणीवर फासतात आणि मग "मला निळा शोभत नाही" म्हणतात. ती बुबुळाच्या जितकी जवळ, तितका परिणाम जास्त, म्हणून तिची खरी जागा खालच्या केसांची कड. पेन्सिल ब्रशने बाहेरच्या कोपऱ्यापासून आत दोन तृतीयांशापर्यंत बारीक रेघ काढा. एवढ्याशा चिंतामणी किंवा वांगी रंगाने डोळा बदलतो आणि ऑफिसात कुणाला तो भडकही वाटत नाही. आधी तिथे लावून पाहा, आवडला तर वर न्या.

शेवटी काजळ आणि मस्कारा. खालच्या पाणरेषेत, म्हणजे केसांच्या आतल्या ओलसर कडेवर, दाट काळं काजळ घातलं की बुबुळ आणि तुमची विरोधी छटा यांच्यामध्ये काळी भिंत उभी राहते. काळ्या डोळ्यांना ती चालते, तपकिरी आणि घाऱ्यांनी काजळ फक्त वरच्या केसांच्या मुळाशी ठेवावं. पारंपरिक सुरमा टाळाच, त्यात शिशाचं खनिज असू शकतं.

लग्नघरासाठी

मराठी नवरी दिवसभर खाली बघत असते: गौरीहराशी, अंतरपाटाआड, होमापाशी. फोटोंत मिटलेली पापणी उघड्या डोळ्याइतकीच दिसते, म्हणून मिटलेल्या पापणीवरचं विरवणं एकदा फोटो काढून तपासा. मुंडावळ्या कानशिलावर लोंबतात, त्यामुळे बाहेरचा रंग फार लांब ओढू नका, त्या घासून पुसट होतो. पिवळ्या अष्टपुत्रीसोबत वांगी छटा सुरेख दिसते. नंतर शालू किंवा पैठणी नेसताना डोळे पुसून नव्याने करू नका, मधला चमकदार ठिपका तेवढा गडद करा. फ्लॅशमध्ये पूर्ण पापणीवरची चमक तेलकट दिसते, म्हणून ठिपकाच. होमाच्या धुराने पाणी येणारच. मस्कारा आणि काजळ वॉटरप्रूफ असू दे, करवलीजवळ टिशू असू दे आणि कोपऱ्यातलं पाणी टिपायचं, पुसायचं नाही.

चष्मा, लेन्स आणि साफसफाई

लांबचा चष्मा, म्हणजे मायनस नंबर असेल तर डोळे लहान दिसतात. आतल्या नाकाकडच्या कोपऱ्यात फिकट चमक द्या आणि गडद रंग कमी ठेवा. प्लस नंबरच्या काचेतून सगळं मोठं दिसतं, चुकाही. तिथे मॅट छटा आणि जास्त विरवणं. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढायच्या.

झोपण्यापूर्वी मेकअप उतरवायचाच. कापसाला रिमूव्हर लावून तो पापणीवर अर्धा मिनिट नुसता ठेवा, मग खाली ओढा. वॉटरप्रूफ असेल तर तेलयुक्त रिमूव्हर लागतो. घरचं खोबरेलही चालतं, पण थोडं, आणि नंतर चेहरा धुवायचा. ब्रश आठवड्याला सौम्य शॅम्पूने धुवून आडवे वाळत घाला. उभे ठेवले की पाणी मुठीत उतरतं आणि डिंक सुटतो. रांजणवाडी झाली किंवा डोळे आले तर बरं होईपर्यंत मेकअप बंद, त्या दिवसांत वापरलेला मस्कारा आणि काजळ फेकून द्या, ब्रश धुवा. डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो, तो उघडल्या दिवसापासून मोजायचा. मी पॅलेटच्या मागे तारीख लिहून चिकटवते.

आणि पॅलेट हातातून पडून एखादी छटा फुटली तर टाकून देऊ नका. तुकडे तिच्याच खाचेत सुरीच्या टोकाने बारीक करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब टाकून लगदा करा, वर टिशू ठेवून नाण्याने दाबा आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या. सकाळी ती पुन्हा वापरता येते, थोडी कडक झालेली असते इतकंच.